नऊ रंगांना शास्त्राधार नको!

नवरात्र आले की आपल्या विद्वज्जनांना एक प्रश्न हटकून पडतो. घटस्थापनेच्या सकाळी बँका, रुग्णालये, शिक्षकांच्या खोल्या आणि लोकलमधले महिलांचे डबे एकाच रंगाचे होऊन जातात. संध्याकाळपर्यंत त्या रंगातली शेकडो छायाचित्रे या फोनवरून त्या फोनवर फिरतात. मग विद्वज्जन विचारतात : याला शास्त्राधार काय? विचारणाऱ्यांत परंपरानिष्ठ असतात, तसेच पुरोगामीही. पहिल्यांना हा पोरखेळ वाटतो, दुसऱ्यांना बाजाराचे कारस्थान. दोघांचेही मूळ गाऱ्हाणे मात्र एकच आहे : ही प्रथा खरी नाही, कोणीतरी बनवलेली आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ती बनवलेली आहे, हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

बनवलेली आहे यात वाद नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नऊ दिवसांचे नऊ रंग जाहीर करून त्या त्या रंगातल्या वाचक स्त्रियांची छायाचित्रे छापायला आरंभ केला. त्यामागे खप वाढवण्याचा हेतू असणार. वर्तमानपत्र हा व्यवसाय आहे. रंग ठरवण्याची रीतही गुपित नाही. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. घटस्थापना ज्या वारी येईल तिथून हे चक्र सुरू होते आणि उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, जांभळा, गुलाबी यांतले रंग मिळतात. म्हणजे रंग ठरतो तो वारावरून. त्यात कोणा देवीचा संबंध नाही.

पण गेल्या काही वर्षांत तिसराच पक्ष पुढे आला आहे, आणि माझा खरा वाद त्याच्याशी आहे. हा पक्ष प्रथेवर टीका करत नाही. तो तिला शास्त्र पुरवतो. शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंत नवदुर्गांची नावे एका रकान्यात, रंग दुसऱ्या रकान्यात आणि तो रंग नेसल्याचे फळ तिसऱ्या रकान्यात, अशी कोष्टके दर आश्विनात आपल्यापर्यंत येतात. पाठचिकित्सेचा पहिला धडा गिरवलेल्या विद्यार्थ्यानेही हा प्रक्षेप ओळखावा. नवदुर्गांचा क्रम स्थिर आहे, रंगांचा क्रम वारानुसार फिरतो. परिणामी पहिल्या दिवसाची शैलपुत्री २०२३ साली रविवार म्हणून नारिंगी झाली, २०२४ साली गुरुवार म्हणून पिवळी आणि २०२५ साली सोमवार म्हणून पांढरी. महागौरी तर नावानेच गोरी आणि तिचे वर्णनही शुभ्रवस्त्रा असे. २०२३ ची अष्टमी रविवारी आली आणि तिच्या वाट्याला जांभळा रंग आला. दरवर्षी अर्थ बदलणाऱ्या या शास्त्राला शास्त्र म्हणायचे असेल, तर पंचांगाच्या मागच्या पानावरील जाहिरातींनाही म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल, असेना का खोटा आधार. त्याने कोणाचे काय बिघडते? बिघडते, आणि ते नेमके कोणाचे हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

आपल्या समाजात स्त्रीच्या अंगावरचा रंग ही कधीच तिच्या आवडीपुरती गोष्ट नव्हती. तो तिचा दर्जा सांगत असे. हिरवा चुडा सौभाग्याचा. लाल आलवण केशवपन केलेल्या विधवेचे. पांढरे लुगडे नेसून मंगलकार्यात पुढे यायचे नाही, हे कोणी शिकवावे लागत नसे. भाषेनेही हीच वर्गवारी पाळली. लग्नपत्रिकेत ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ ही अक्षरे नावाच्या आधी येतात. बाई कोण आहे हे कळण्यापूर्वी तिचा नवरा आहे की नाही हे कळते. हा इतिहास झाला म्हणावे, तर एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या एका मंत्र्याने विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ ही संज्ञा चर्चेला ठेवलीच होती आणि तिच्यावर टीका ओढवली होती. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला बांगड्या फोडणे आणि कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव करावा लागला. मेलेल्या रूढीविरुद्ध कोणी ठराव करत नाही.

या पार्श्वभूमीवर एखाद्या कार्यालयातले सोमवारचे छायाचित्र पाहा. दहा-पंधरा बायका पांढऱ्या साड्या नेसून जिन्यावर उभ्या आहेत. त्यांत नवविवाहिता आहे, अविवाहिता आहे, घटस्फोटिता आहे आणि विधवाही आहे. कोण कोण आहे ते मात्र त्या छायाचित्रावरून सांगता येत नाही. जी हळदीकुंकवाच्या आमंत्रणात गाळली जाते, ओटी भरताना जिला बाजूला व्हावे लागते, ती इथे मध्ये उभी आहे आणि तिचा रंग तोच आहे जो सगळ्यांचा आहे. पांढरा रंग त्या दिवशी तिच्याबद्दल काहीच बोलत नाही. तसाच शुक्रवारचा हिरवा. तो नेसायला तिला कोणाची परवानगी लागत नाही, कारण तो सौभाग्याचा नसून शुक्रवारचा आहे.

स्त्रियांच्या छायाचित्रांची रंगानुसार मांडणी करणे ही वरकरणी उथळ गोष्ट आहे. पण नात्यानुसार, जातीनुसार आणि कुंकवानुसार झालेल्या मांडणीशी ताडून पाहिली की तिचे मोल कळते. आणि हे शक्य झाले ते केवळ त्या प्रथेला शास्त्र नव्हते म्हणून. वर्तमानपत्राने रंग सांगितला, अधिकार सांगितला नाही. शास्त्र आले की त्याच्यामागून अधिकार येतो. कोणी नेसावे, कोणी नेसू नये, कोणत्या दिवसांत नेसू नये, हे येते. ‘हा रंग नेसल्याने अखंड सौभाग्य लाभते’ असे कोष्टकाच्या तिसऱ्या रकान्यात लिहिले, की जिन्यावरच्या त्या बाईला खाली उतरावे लागेल. तिला कोणी उतरवणार नाही. ती आपणहून उतरेल. आपल्याकडे हे असेच घडते.

बाजाराचा आक्षेप मी उडवून लावत नाही. नऊ दिवसांना नऊ साड्या हा हिशेब अनेकींना परवडणारा नाही, आणि ज्या कार्यालयांत ‘आज रंग का नाही?’ हा प्रश्न थट्टेकडून सक्तीकडे सरकतो तिथे त्याचा निषेधच केला पाहिजे. रंग न नेसण्याची मुभा नसेल तर नेसण्यातही मौज उरत नाही. पण बाजाराला दूषणे देणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे : साडी शेजारणीकडून मागून आणता येते, सौभाग्य मागून आणता येत नाही. विकत घेण्याची अट जाचक खरी, पण ती जन्माची किंवा नशिबाची अट नव्हे.

साहित्याच्या अभ्यासकांना यात पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. परंपरेचा दाखला खरा की मागाहून चिकटवलेला हे तपासणे आपले कामच आहे. मात्र तो खोटा ठरला म्हणजे प्रथाही हलकी ठरली, हा निष्कर्ष आपण सोडून दिला पाहिजे. सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ साली कोणती पुरातन परंपरा होती? माणसे एकत्र आली, एवढेच त्याचे समर्थन होते आणि ते पुरेसे होते. तेव्हा येत्या आश्विनात रंगांचे कोष्टक फोनवर आले, तर त्यातला वारांचा रकाना ठेवावा, देवींचा आणि फळांचा खोडावा, आणि मगच ते पुढे पाठवावे.