चुलीचे तीन दगड आणि एक पेटी

कार्तिकातले वनभोजन म्हणजे आमच्याकडे आवळीखाली तीन दगडांची चूल. जेवण आटोपले की राख आणि दगड तिथेच सोडून आम्ही घरी! मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा मला त्या राखेची लाज वाटली. ते आमच्या चुलीने लागले नव्हते. पण सुक्या पानांना चूल कोणाची हे कुठे कळते?

मग सुतारकामाचा गंध नसलेल्या या कारकुनाने बारा मिलिमीटरच्या प्लायवूडची पेटी केली. पुढची फळी बिजागरीवर आडवी पाडली की चिरायला ओटा, आत डबे, पळ्या, ताटल्यांचे कप्पे. भरल्यावर दोघांनी उचलावी एवढी जड. पहिल्या खेपेस शेगडी पेटीतच पेटवली आणि फळी करपली. आता शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर बाहेर उघड्यावर. वाऱ्याला फक्त एका बाजूने पत्र्याचा आडोसा.

सौ. म्हणते, भाताची धुरकट चव गेली. गेली, कबूल. पण रानात जेवायचे तर रान होते तसे ठेवून उठावे, असे माझे मत आहे. पेटी घरी परतते ती खरकट्यासकट. पुढच्या कार्तिकातही आम्हाला त्याच आवळीखाली बसायचे आहे ना!