प्रश्नाशी एकनिष्ठ राहण्याची मुभा

१० डिसेंबर २०२५ रोजी, आल्फ्रेड नोबेल यांच्या स्मृतिदिनी, जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना स्टॉकहोममध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पदक प्रदान झाले. ज्या प्रयोगांचा हा गौरव आहे, ते १९८४-८५ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत झाले. क्लार्क तेव्हा प्राध्यापक होते, डेव्होरे पॅरिसहून नुकतेच पीएचडी होऊन आले होते आणि मार्टिनिस पीएचडीचे विद्यार्थी होते. २०२५ हे क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी, आणि त्यांच्यासाठी धोरण आखणाऱ्यांनीही, या तिघांची वाटचाल बारकाईने पाहावी अशी आहे.

त्यांचा प्रश्न मूलभूत होता. अणूच्या जगातला कण ऊर्जेची भिंत न ओलांडता पलीकडे जाऊ शकतो, हे ठाऊक होते. पण हातात धरता येईल अशा विद्युतमंडलातही हे घडेल का? भौतिकशास्त्रज्ञ अँथनी लेगेट यांनी हा प्रश्न सैद्धांतिक पातळीवर लावून धरला होता. बर्कलीच्या गटाने जोसेफसन जंक्शन, म्हणजे मध्ये विद्युतरोधक पापुद्रा असलेली दोन अतिवाहकांची जोडणी, निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केली. खरी झुंज होती ती तारांवाटे आत शिरणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या गोंगाटाशी. तो अडवण्यासाठी तांब्याच्या भुकटीचे फिल्टर त्यांनी स्वतः तयार केले. तेव्हा कुठे असंख्य इलेक्ट्रॉन-जोड्यांचा समूह एखाद्या एकट्या कणासारखा वागताना दिसला. आजच्या अतिवाहक क्युबिटचा, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूलभूत घटकाचा, पाया इथे घातला गेला.

मार्टिनिस त्यानंतर फ्रान्समधल्या साक्लेच्या संशोधन केंद्रात गेले, मग अमेरिकेत बोल्डरच्या सरकारी मानक संस्थेत, २००४ मध्ये सांता बार्बरा विद्यापीठात आणि २०१४ मध्ये गूगलकडे. २०१९ मध्ये त्यांच्या गटाच्या ५३ क्युबिटच्या ‘सिकॅमोर’ प्रोसेसरने क्वांटम वर्चस्वाचा, म्हणजे पारंपरिक संगणकाला न जमणारी गणना केल्याचा, दावा केला. २०२० मध्ये त्यांनी गूगल सोडले आणि पुढे स्वतःची कंपनी उभारली. विद्यापीठ, सरकारी प्रयोगशाळा, उद्योग असा हा प्रवास. संस्था बदलत गेल्या, ध्यास तोच राहिला. प्रत्येक टप्प्यावर त्यांना काम पुढे नेता येईल अशी जागा मिळाली, हे या कारकिर्दीचे मर्म आहे.

ही परंपरा मुंबईपर्यंत पोहोचली आहे. डेव्होरे यांच्या येलमधील गटात पीएचडी केलेले आर. विजयराघवन कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये अतिवाहक क्युबिटवर काम करतात. २०२४ मध्ये त्यांच्या गटाने पुण्यातील डीआरडीओची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्यासह सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. क्वांटम संवेदनाचे राष्ट्रीय केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी २०३०-३१ पर्यंत सुमारे ६,००३ कोटी रुपयांची तरतूद आहे. हे सारे उमेद वाढवणारे आहे.

पण पैशाने यंत्रे येतात. ती चालवणारा माणूस घडायला पंधरा-वीस वर्षे लागतात. बीएस्सीपासून पोस्टडॉकपर्यंतचा काळ तरुणांनी अनिश्चिततेत काढायचा आणि देशाने मात्र मुदतीत यशाची अपेक्षा धरायची, हा व्यवहार न्याय्य नाही. शिष्यवृत्ती दर महिन्याला वेळेवर मिळायला हवी. शीतयंत्र सांभाळणाऱ्या, चिप बनवणाऱ्या तंत्रज्ञांना कायमची पदे आणि मान हवा. विद्यापीठातून उद्योगात गेलेल्याला परतण्याचा दरवाजा खुला हवा. जिल्ह्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीलाही विद्युतमंडल हाताने जोडून पाहता येईल अशी प्रयोगशाळा हवी, कारण मार्टिनिस यांचे सामर्थ्य हातांच्या कसबातही होते.

मिशनची मुदत २०३१ मध्ये संपेल; आज पीएचडीला बसलेला विद्यार्थी तेव्हा कुठे ऐन उमेदीत असेल. त्याच्या पुढच्या वीस वर्षांची व्यवस्था सरकार, विद्यापीठे आणि उद्योगांनी आत्ताच ठरवावी.