दांतांवरील खोळ आणि कोरडें तोंड

वांकडे दांत सरळ करण्यासाठीं तारेऐवजीं ‘अलाइनर’ नांवाची पारदर्शक खोळ घालण्याचा प्रघात मिरा-भाईंदरच्या सुशिक्षित घरांतूनही पडला आहे. ही खोळ दिवसाचे 20 ते 22 तास तोंडांत ठेवावी लागते. सकाळची लोकल गांठणारीं मुलें तोंडाच्या वासाच्या लाजेनें डब्यांत कोणाशीं बोलत नाहींत, आणि घरचीं वडील मंडळी लवंग-वेलदोडा पुढें करतात! खोळ असतां तो चघळावयाचा कसा?

या वासाचें मूळ कोरडेपणांत आहे. झोपेंत लाळ अगदीं थोडी सुटते. खोळीखालीं ती दांतांवरून नीट फिरतही नाहीं. मग जिभेच्या मुळाशीं जंतूंचें फावतें व ते गंधकयुक्त वायु सोडतात. वास एक वेळ सोसतां येईल. परंतु लाळेचें रक्षण गेलें कीं दांत किडूं लागतात, आणि ज्या दांतांसाठीं एवढा खर्च केला तेच हातचे जातात.

म्हणून रात्रीं दांत, त्यांच्या फटी व जीभ स्वच्छ करूनच खोळ चढवावी. जीभ खरवडण्यास तांब्याची पट्टी चरकसंहितेंतही सांगितली आहे. आजीबाईंच्या फडताळांत ती अजून सांपडेल. खोळ थंड पाण्यानेंच धुवावी; कढत पाण्यानें तिचा आकार बिघडतो. दिवसा साधें पाणी घोटघोट प्यावें. चहा मात्र खोळ काढून. मद्यार्क असलेल्या औषधी गुळण्यांनीं तोंड अधिकच सुकतें. त्यापेक्षां मिठाचें कोमट पाणी बरें, आणि मिठागरांच्या भाईंदरास मिठाची महती आम्हीं काय सांगावी? इतकें करूनही कोरड राहिली, तर तोंडानें श्वास घेण्याची खोड, सर्दीचीं औषधें किंवा मधुमेह यांपैकीं काय आहे, तें डॉक्टरांकडून पाहून घ्यावें.