पाण्याकाठी बसून पापलेट कशाला?



उजनी धरणाकाठच्या हॉटेलांत ‘नुसती चिलापीच मिळते, पापलेट-सुरमई नाही’ ही तक्रार गेल्या अंकातील पत्रात वाचली. आम्हा न्हावरेकरांना ती काही पटली नाही. इकडून चौफुला गाठून सोलापूर महामार्गाने भिगवणला जेवायला जाणारे पुष्कळ आहेत, आणि ते जातात ते चिलापीसाठीच. पापलेट समुद्रावरून बर्फात बसून येणार. चिलापी समोरच्या पाण्यातली. ती मूळची आफ्रिकेतली, देशी माशांना तिने मागे रेटले, हे मान्य. मग तर ती खायलाच हवी! तव्यावर कुरकुरीत झालेली चिलापी, झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. आणखी काय पाहिजे?

ज्यावर लिहायला हवे होते, ते मात्र पत्रलेखकाने सोडून दिले. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत उतरते. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग दिसतो तो उगाच नव्हे. १९८० साली पुऱ्या झालेल्या या धरणाने पळसदेवसारखी गावे पोटात घेतली. पाणी फार ओसरले की तिथल्या जुन्या देवळाचे शिखर वर येते. अशा पाण्याच्या नुसत्या दर्शनाचे पैसे ताटात लावणाऱ्या रिसॉर्टवाल्यांनी निदान आपले खरकटे त्यात जाऊ देऊ नये.

पत्रलेखकांना विनंती एवढीच : पुढच्या खेपेस मेन्यूकार्ड मागण्याआधी, भांडी धुतलेले पाणी कुठे सोडता, ते विचारा.

– एक वाचक, न्हावरे (ता. शिरूर)