विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही

जपानच्या गिफू प्रांतातील शिराकावा खोऱ्यात ओगिमाची नावाचे एक खेडे आहे. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी उंच, गवताने शाकारलेली छपरे असलेली तेथील घरे १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. तेव्हापासून त्यांच्या सौंदर्याची वर्णने पुष्कळ झाली. ती टिकली कशामुळे, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

मुळात ही घरे म्हणजे छोटे कारखानेच होते. शेतजमीन तुटपुंजी आणि हिमवर्षाव प्रचंड. म्हणून प्रशस्त माळ्यांवर रेशमाचे किडे पोसले जात आणि जमिनीखालच्या खड्ड्यांत बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार होई. असे छप्पर तीस-चाळीस वर्षांनी नव्याने शाकारावे लागते. एका कुटुंबाच्या आवाक्यातले हे काम नव्हे. शंभराहून अधिक माणसे जमत आणि एक-दोन दिवसांत ते उरकीत. मजुरीचा प्रश्न नसे. आज तुझे छप्पर, उद्या माझे. जपानी भाषेत यास 'युई' म्हणतात. आपला शेतकरी यालाच इर्जिक म्हणत आला आहे.

पुढे रेशमाचा धंदा बसला. १९६१ साली शो नदीवर विजेसाठी मिबोरो धरण पूर्ण झाले आणि वरच्या अंगाची गावे पाण्याखाली गेली. (त्याच सुमारास आपल्याकडे कोयनेचे धरण उभे राहत होते.) बुडणाऱ्या घरांपैकी एक उचलून योकोहामाच्या सांकेइएन उद्यानात नेले गेले, तेथे ते आजही पाहावयास मिळते. घर वाचले, गाव गेले.

ओगिमाचीच्या रहिवाशांनी १९७१ साली संघटना स्थापन करून ठराव केला : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. सरकारी संरक्षण मिळाले ते त्यानंतर, १९७६ साली. आम्हांस हा क्रम महत्त्वाचा वाटतो. खाजगी मालमत्तेचा गाभा असलेला विक्रीचा हक्क मालकांनी आपण होऊन बाजूला ठेवला. तसे झाले नसते तर शहरी धनिकांनी एकेक घर चांगल्या किमतीस घेतले असते. विकणाऱ्या प्रत्येकाचा फायदा होऊन गाव मात्र संपले असते. आपल्या कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांचे जे चालले आहे, ते यापेक्षा फारसे निराळे नाही.

आता तेथे वर्षाला दहा लाखांहून अधिक प्रवासी येतात. कित्येक घरांत खाणावळी आणि दुकाने थाटली आहेत. रहिवाशांना चार पैसे मिळतात, याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. पण शाकारणीचे बरेचसे काम आता सरकारी अनुदानातून, मजुरी देऊन होते. इर्जिकीची जागा कंत्राटाने घेतली म्हणजे शेजाऱ्याची गरज उरत नाही, आणि मग १९७१ चा ठराव कोणाच्या बळावर पाळला जाणार, ही आमची खरी चिंता आहे.

गवताच्या छपरांना आगीची धास्ती नेहमीची. म्हणून आजही रहिवासी पाळीपाळीने रोज गावातून गस्त घालतात. ती पाळी पुढे चालवावयास किती तरुण गावात राहतात, हे आम्ही प्रवाशांच्या आकड्यांपेक्षा अधिक बारकाईने पाहू.