ती कुठे उतरली?



या अंकासाठी आलेल्या कथांमध्ये एक कथा कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या पोलिश छावणीवरची होती. लिहिणारी कॉलेजातली मुलगी. भोईवाड्यात आमच्या गटाची दर महिन्याला बैठक होते, तिथे ती वाचायची ठरलं. एरवी आमचे विषय म्हणजे पोटगी, रेशनकार्ड, चाळ पाडल्यावर नवी खोली कुणाच्या नावावर. गोष्ट वाचायची म्हटल्यावर दोघीतिघींनी तोंडं वाकडी केली. पण वाचून झाल्यावर दोन तास कुणी उठेना!

आधी इतिहास. १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधल्या हजारो कुटुंबांना सोव्हिएत सरकारने सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. पुढे सुटका झाल्यावर पुरुष सैन्यात गेले आणि बायका-मुलं इराणमार्गे मिळेल त्या देशात पोचली. काही मुलांना १९४२ मध्ये आपल्या वांद्र्यात ठेवलं होतं, तिथून ती जामनगरजवळ बालाचडीला गेली. वळिवड्याची छावणी १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं.

आता गोष्ट. नायिका सोळा वर्षांची. वाटेत धाकटा भाऊ गेलेला. कोल्हापूरचा एक तरुण तिच्या प्रेमात पडतो, तिच्यासाठी घरच्यांशी भांडतो. शेवटी छावणी उठते, ती आगगाडीत बसते आणि तो फलाटावर रडत उभा राहतो. संपलं. आमच्यातल्या पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "ती गाडीत बसली, मग उतरली कुठे?"

युद्धातून पळणारी मुलगी आपल्या कथा-कादंबऱ्यांत येते तेव्हा बहुतेक वेळा पुरुषाचं मन किती मोठं, हे दाखवायला येते. मी 'रणांगण'चं उदाहरण दिलं. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ ची. जर्मनीतून पळालेली ज्यू हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर बोटीवर भेटतात. मुंबईला तो उतरतो, तिला पुढे पूर्वेकडे जावं लागतं आणि ती समुद्रात जीव देते. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका माझ्यावर चिडल्या. "तिची पत्रं आहेत की त्यात! तिला आवाज नाही असं कसं म्हणतेस?" त्यांचं म्हणणं मला अर्धं पटलं. ज्यू निर्वासितांचं दुःख मराठीत त्या वेळी कितीजण लिहीत होते? तरीही मन अडतंच. त्या काळात शांघायला व्हिसाशिवाय उतरता येत असे आणि सुमारे वीस हजार ज्यू तिथे पोचले. त्यातल्या बहुतेकांनी उपास, आजारपण सोसत युद्ध काढलं. बेडेकरांना १९३९ मध्ये हे कुठून माहीत असणार? आपल्याला माहीत आहे. आज लिहिणारीने हॅर्टाला पुन्हा बुडवायचं कारण नाही.

या वादात एका सभासदाच्या आजी मध्येच बोलायला लागल्या. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या 'फोर्ट स्टिकिन' बोटीचा स्फोट. चारच्या सुमारास पहिला, अर्ध्या तासाने दुसरा. आजी तेव्हा आठ वर्षांच्या, घर मशीद बंदरच्या बाजूला. आईने पिठाचा डबा उचलला आणि बाळाला यांच्या कडेवर दिलं. तशाच परळपर्यंत चालत आल्या. आवाज आठवतो का विचारलं, तर म्हणाल्या, "आवाजाचं काय, सगळ्यांनीच ऐकला. माझा फ्रॉक बाळाने ओला केला होता, पाठीवर फाटला होता आणि आठ दिवस दुसरा नव्हता. मी भिंतीला पाठ लावून बसायची." ऐंशी वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या नातीलासुद्धा हे नवीन होतं.

कथेत हे हवं होतं. इतक्या लांबच्या प्रवासात पाळीची घडी कुठे धुतली, उरलेले पैसे कुणाच्या कमरेला होते, रात्री दाराशी कोण झोपलं. छावणी रिकामी झाल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहिली, आजचं गांधीनगर ते. त्या मुलींनी तिथे काय पाहिलं, भिंतीवर आधीच्या मुलीच्या खुणा होत्या का? कथालेखिकेला हे सुचू नये याचं मला नवल वाटलं, आणि मग वाटलं, सुचणार कसं? शाळेच्या पुस्तकात आपण तहाची कलमं पाठ केली.

कथा या अंकात घेतलेली नाही. तसं कळवल्यावर मुलगी रागावली. "म्हणजे तुमच्या मासिकात बायकांनी प्रेम करायचंच नाही का?" करू दे की! खुशाल करू दे. पण फलाटावरून नको, गाडीच्या आतून लिही, एवढंच मी तिला लिहिलं आहे. तिने महिनाभराची मुदत मागितली आहे, आम्ही दिली आहे.

तुमच्या घरात, वस्तीत अशी पळून आलेली आजी असेल, गोदीच्या आगीतून, फाळणीतून, आणखी कुठून, तर तिच्याजवळ बसा. ती सांगेल तसंच, तिच्याच बोलीत लिहून पाठवा. शुद्धलेखनाची काळजी नको, ते आम्ही बघू. तिला नाव छापायचं नसेल तर छापणार नाही. मजकूर कागदाच्या एका बाजूला असावा.

संपादक मंडळाच्या वतीने