उजनीकाठी पक्षी मेला, की दरवेळी बर्ड फ्लूच?

भिगवणजवळ मेलेला पक्षी दिसला की फोटो तासाभरात इंदापूर-बारामतीच्या ग्रुपवर फिरतो. खाली एकच प्रश्न: बर्ड फ्लू आला का? भीती खोटी नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, तेव्हा तोच निघाला होता. त्यामुळे ती तपासणी आधी व्हायलाच हवी.

पण अहवाल ‘निगेटिव्ह’ आला की चर्चा संपते, आणि चुकतं ते इथेच. पक्ष्यांनाही मलेरिया होतो. डास मलेरिया पसरवतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात पक्ष्यांवरच दाखवलं होतं! पक्ष्यांचा हा मलेरिया माणसाला होत नाही. त्याचे परजीवी रक्तातल्या लाल पेशी फोडतात. काही जाती तर हाडांतल्या मगजात, म्हणजे रक्त तयार होतं तिथेच, शिरतात. बहुतेक मोठे पक्षी हे दुखणं अंगावर काढतात, पण उपासमारीत किंवा विणीच्या ताणात ते पुन्हा उसळतं. भादलवाडीला चित्रबलाकांची घरटी असतात. घरट्यातलं पिल्लू डासापासून पळणार कुठे?

हवाई बेटांवर बाहेरून आलेल्या क्युलेक्स डासाने हाच मलेरिया पसरवला आणि तिथले कित्येक पक्षी संपत गेले. तो डास आपल्या गटारांतही आहे.

रक्ताचा थेंब काचेवर पसरून साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही हे परजीवी दिसतात. मात्र उन्हात पडलेल्या पक्ष्याचं रक्त लवकर खराब होतं. म्हणून फोटो फॉरवर्ड करण्याआधी वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, पक्ष्याला हात लावू नका.